गरम पाणी कुठं अडलंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

थंडी पडायला लागली की या सदरात येणारी पत्रं बदलतात. मे महिन्यात सगळे टँकरचं आणि गळतीचं विचारतात, डिसेंबर आला की एकच रड, गरम पाणी येत नाही. आपल्याकडची थंडी ती काय, येऊरकडून सकाळी जरा वारा आला की स्वेटर काढायचे आणि दहा वाजता परत कपाटात ठेवायचे, पण तेवढ्यातसुद्धा आंघोळीला गार पाणी आलं की सोसायटीच्या ग्रुपवर महाभारत सुरू. यावेळी चार पत्रं घेतलीत. पहिलं पत्र आहे नौपाड्याचं, पण दुखणं आहे इंग्लंडमधलं.

प्रश्न: नमस्कार काका. माझी मुलगी आणि जावई लीड्सला असतात, मागच्या वर्षी त्यांनी जुनं दुमजली घर घेतलं. तिथं घरभर रेडिएटर आहेत आणि स्वयंपाकघरात गॅसचा बॉयलर. खालचे दोन रेडिएटर मस्त तापतात. वर तीन आहेत, त्यातला एक खालून कोमट आणि वरून गार, दुसरा जेमतेम कोमट, आणि शेवटच्या बेडरूममधला तर बर्फ, नातू तिथंच झोपतो. तिकडचा माणूस आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला सगळी लाईन घाण झालीय, पॉवर फ्लश करावा लागेल, सहाशे पाउंड. मी व्हिडिओ कॉलवर होते, मी म्हटलं थांब, आमच्याकडे एक काका उत्तरं देतात त्यांना विचारते. मुलीनं नंतर नेटवर बघून रेडिएटरची हवा काढायची चावी फिरवली, थोडा वेळ फुस्स झालं आणि मग आवाजच बंद, पाणी काही आलंच नाही. बॉयलर जुना आहे, त्याच्यावर घड्याळासारखा काटा आहे तो शून्याला टेकलाय. काय करायचं?

— एक आजी, नौपाडा, ठाणे

उत्तर: ताई, आधी लेकीला सांगा सहाशे पाउंड सध्या खिशातच ठेव. पॉवर फ्लश म्हणजे मशीननं जोरात पाणी फिरवून लाईन धुणं, ही थाप नाही, खरंच असतं तसं, पण ते शेवटी करायचं काम आहे आणि त्या बाबानं तिथूनच सुरुवात केली. तुमच्या पत्रातली दोन वाक्यं बघा, फुस्स झालं पण पाणी आलं नाही, आणि काटा शून्याला टेकलाय. निम्मं निदान तुम्हीच करून पाठवलंय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगतो, कारण ठाण्यात कोणी रेडिएटर बघितलाय? मीही घरात नाही वापरला. पण ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत मी अठ्ठावीस वर्षं युटिलिटीत काढली, तिथं गरम पाण्याचा बंद लूप होता, हीटरमधून निघालेलं पाणी पंप ढकलायचा, ते रिॲक्टरच्या जॅकेटमधून फिरून गार होऊन परत हीटरला यायचं. सेंट्रल हीटिंग म्हणजे घरातला तोच लूप, जॅकेटच्या जागी भिंतीला लावलेले पत्र्याचे चपटे डबे. एक पाईप गरम पाणी नेतो, दुसरा गार झालेलं परत आणतो, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी फिरत राहतं. ते प्यायचं नाही, आंघोळीचंही नाही, फक्त उष्णता वाहून न्यायला ठेवलेला हमाल.

आता हा हमाल वरच्या मजल्यावर चढायला त्याच्या अंगात प्रेशर पाहिजे. बार हे प्रेशरचं माप, पाणी दहा मीटर वर चढवायला साधारण एक बार लागतो, म्हणून दुमजली घरात लूप गार असताना काटा 1 ते 1.5 बारच्या मधे ठेवतात, म्हणजे वरच्या रेडिएटरच्या डोक्यापर्यंत पाणी पोचून थोडं प्रेशर शिल्लक राहतं. तुमच्याकडे ते आधीच कमी झालं असणार, त्यात मुलीनं हवा काढली तेव्हा उरलंसुरलंही गेलं, आणि वरच्या रेडिएटरमधे भरायला पाणीच राहिलं नाही म्हणून फुस्स होऊन गप्प. तिचं काही चुकलं नाही, फक्त अर्धंच काम झालं. नवीन बॉयलर अशा वेळी चालूच होत नाहीत, लाल दिवा लावून बसतात, तुमचा जुना आहे म्हणून बिचारा चालतोय, पण त्याला तसा चालवू नका.

तर बॉयलर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्यायचं. बॉयलरच्या खाली पाईपांच्या गर्दीत बहुतेक एक जाळीदार चंदेरी नळी दिसेल, आपल्या गिझरला असते तशी, आणि तिच्या टोकांना छोटे व्हॉल्व्ह. ते हळूहळू उघडायचे, पाणी आत शिरल्याचा आवाज येईल, काटा 1.3 च्या आसपास आला की दोन्ही घट्ट बंद. मग आधी खालचे रेडिएटर, नंतर वरचे, एकेकाची हवा काढायची, चावी अर्धा फेरा फिरवायची, स्क्रू पूर्ण काढायचा नाही हां, खाली जुनं फडकं धरायचं, फुसफुस संपून पाण्याची बारीक धार आली की लगेच बंद. हवा गेली की काटा परत उतरतो, तेव्हा मधे मधे बघून परत भरायचं. हे दोघांनी केलेलं बरं, एक वर चावीपाशी आणि एक खाली काट्यापाशी, जिन्यातून ओरडत. आणि काडी पेटवून हवा आहे का बघायचा शहाणपणा जावयाला करू देऊ नका, आतून गंज चढत असला तर रेडिएटरमधे हायड्रोजन साठतो, तो पेट घेतो.

एवढ्यानं वरून गार असलेला रेडिएटर नीट व्हायला हवा. वरून गार म्हणजे हवा, कारण हवा वर जाऊन बसते आणि पाणी खालून निघून जातं. खालून गार आणि वरून गरम असता, त्यातही मधोमध खाली गार, तर मात्र गाळ, आणि तेव्हा तो माणूस बरोबर ठरला असता. त्याने नुसता हात फिरवला असता तरी कळलं असतं. मी कंपनीत नवीन असताना आमचा फोरमन कुठलाही गेज न बघता पाईपवर उलटा हात ठेवत जायचा, आधी सप्लाय मग रिटर्न, आणि जिथं गरमपणा तुटायचा तिथं खडूनं फुली मारायचा. आम्ही हसायचो. नंतर मीही तेच करायला लागलो.

आता खरा प्रश्न, पाणी गेलं कुठं? बंद लूपमधलं प्रेशर आपोआप कमी होत नाही. प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली कोरडा टिश्यू पेपर दाबून बघायचा, कुठं पांढरी किंवा हिरवट खपली दिसते का बघायची, लाकडी फ्लोअरवर डाग आहे का तेही. काहीच नाही मिळालं तर घराबाहेर भिंतीतून एक तांब्याचा छोटा पाईप बाहेर आलेला असेल, तो बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा. बॉयलर चालू असताना त्यातून थेंब पडत असतील आणि काटा गार असताना 1.3 पण तापल्यावर चढत चढत 3 कडे जात असेल, तर एक्स्पान्शन व्हेसलमधली हवा गेलीय. पाणी तापलं की फुगतं, ते फुगलेलं पाणी सामावून घ्यायला तो रबरी पडद्याचा डबा असतो, त्यातली हवा संपली की फुगलेल्या पाण्याला जागाच नाही, मग 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, पाणी बाहेर टाकतो, आणि रात्री गार झाल्यावर काटा खाली. दुसऱ्या दिवशी परत भरा, परत तेच. हे चक्र चालू ठेवणं वाईट, कारण प्रत्येक वेळी नवीन पाण्याबरोबर नवीन ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजतो, आणि मग दोन वर्षांनी खरोखर पॉवर फ्लशची वेळ येते.

हा डबा बहुतेक वेळा बॉयलरच्या आतच असतो, आणि त्याचं झाकण मुलीनं किंवा जावयानं उघडायचं नाही. तिकडे गॅसच्या कामाला गॅस सेफ रजिस्टरमधलाच माणूस लागतो, कायदाच आहे, आणि तो बरोबर आहे. रेडिएटर, चाव्या, हवा, हे आपलं. बॉयलरच्या पत्र्याच्या आतलं त्याचं.

नातवाच्या खोलीतला बर्फ. हवा काढून पाणी आलं तरी तो गार राहिला तर त्याच्या एका बाजूला आकडे असलेली गोल टोपी असेल, तो तापमानाचा व्हॉल्व्ह. टोपी हातानं सैल करून काढली की खाली एक बारीक पिन दिसते. बोटानं नाही तर लाकडाच्या तुकड्यानं दाबायची, ती आत जाऊन स्प्रिंगनं परत वर यायला हवी. उन्हाळाभर बंद राहिली की ती आत अडकून बसते, म्हणजे व्हॉल्व्ह बंदच. हलक्या हातानं बाजूला टकटक करून दाबत सोडत राहायची, थोडं तेल. पकडीनं ओढायची मात्र नाही, ती हातात आली तर काळं पाणी कार्पेटवर.

आणि तो जेमतेम कोमट. पाणी आळशी असतं ताई, जिकडे सोपी वाट तिकडे जातं. बॉयलरच्या जवळचे रेडिएटर सगळं पाणी पिऊन टाकतात आणि लांबच्याला उरलेलं. रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला साध्या टोपीखाली एक व्हॉल्व्ह असतो, जवळच्या दोन रेडिएटरचा तो पान्यानं बंद करत न्यायचा आणि मग अर्धा पाऊण फेरा उघडा ठेवायचा, लांबच्याचा पूर्ण उघडा. किती फेरे फिरवले ते कागदावर लिहून ठेवायचं, अर्धा तास थांबायचं आणि परत हात फिरवायचा. एका बैठकीत होत नाही हे काम, दोन तीन संध्याकाळी जातील, चिडायचं नाही.

पंपाची शंका मला येत नाही कारण खालचे तापतायत. पंप मेला असता तर उलटं झालं असतं, वरचे थोडेफार तापले असते आणि खालचे गार, कारण गरम पाणी हलकं असतं, ढकलणारा नसला की ते आपल्या मनानं वर चढतं.

एवढं सगळं करूनही गाळाचा संशय राहिला तर हवा काढताना आलेलं थोडं पाणी पांढऱ्या कपात घ्यायला सांगा. काळं शाईसारखं असेल तर फ्रिजवरचा लोहचुंबक कपाला बाहेरून लावायचा. काळी पूड चुंबकाकडे सरकली तर ती रेडिएटरचीच लोखंडाची गंज, आणि तेव्हा फ्लश, चुंबकाचा फिल्टर आणि गंजरोधक औषध हे सगळं खर्चाच्या लायकीचं. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ निघालं तर त्या माणसाला परत फोन करायची गरज नाही.

प्रश्न: सर, आमची घोडबंदर रोडला सात मजल्यांची सोसायटी, 28 फ्लॅट. टेरेसवर सोलर आहे, 500 लिटरच्या सहा टाक्या, प्रत्येकीला चार पॅनल. गणपतीच्या आसपास पाण्याचा प्रॉब्लेम होऊन दोन दिवस टाक्या कोरड्या पडल्या, टँकर मागवले, तेव्हापासून सहापैकी दोन टाक्या तापतच नाहीत, ऊन तेवढंच पडतं तरी. दुसरं म्हणजे ए डक्टला (डक्ट म्हणजे पाईप खाली उतरतात ती जागा) नळ उघडला की गरम पाणी येतं पण डी डक्टच्या पहिल्या मजल्यावर तीन बादल्या गार पाणी सोडावं लागतं. गरम लाईनला रिटर्न, म्हणजे पाणी परत टाकीकडे नेणारा पाईप, आणि छोटा पंप आहे, तो सकाळी चालतो. सोलरवाला म्हणतो पॅनल संपले, सगळे बदला, दोन लाख ऐंशी हजार. एजीएम पुढच्या महिन्यात आहे आणि लोक मलाच धरणार.

— सेक्रेटरी, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: सेक्रेटरीसाहेब, ठाण्यात नवीन बिल्डिंगला सोलर लावणं महापालिकेनं बंधनकारक केलं म्हणून टेरेसवर पॅनल दिसतात भरपूर, पण त्यातले किती खरंच पाणी तापवतात हे वर जाऊन बघणारे कमी. सगळे पॅनल एकाच आठवड्यात संपतात का? आणि तेही नेमके टाक्या कोरड्या पडल्यावर? तुमच्याच पत्रात उत्तर आहे, ते दोन दिवस.

तुमच्या सिस्टिमला पॅनल आणि टाकीमधे पंप नाही. पॅनलमधलं पाणी तापतं, हलकं होतं, वर टाकीत जातं, टाकीच्या तळाचं गार पाणी त्याच्या जागी खाली येतं. वरच्या उत्तरात सांगितलं ना, आपल्या मनानं चढतं, तेच. पण हा जोर किती असतो माहितीये? 30 डिग्रीच्या आणि 60 डिग्रीच्या एक लिटर पाण्यात वजनाचा फरक जेमतेम बारा ग्रॅम. बारा ग्रॅमच्या जोरावर तुमची 28 घरं आंघोळ करतात. एवढ्याशा जोराला थांबवायला पाईपमधला हवेचा एक फुगा पुरतो, प्लंबरच्या भाषेत लाईननं एअर पकडली.

टाकी रिकामी झाली तेव्हा पॅनलमधून टाकीकडे जाणाऱ्या वरच्या पाईपमधे हवा शिरली, मग टँकरचं पाणी धाडकन भरलं आणि ती हवा तिथंच कोंडली. चार टाक्यांतून निघून गेली, दोनमधे राहिली. का राहिली, तर तो पाईप पॅनलपासून टाकीपर्यंत सतत चढता हवा, मधे कुठंही उंट झालेला चालत नाही. तुमचे स्टँड गंजून एक पाय बसला असेल, किंवा डिश अँटेनावाल्यानं पाईपवर पाय दिला असेल, मी दोन्ही बघितलंय. गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाईप आणा, दोन टोकांना धरा, पाच मिनिटांत कळतं.

दुपारी एक वाजता वर जा आणि त्या दोन टाक्यांच्या पॅनलच्या वरच्या पाईपजवळ हात न्या, लावू नका, भाजेल. चालू टाकीचा पाईप चांगला गरम असतो. अडलेल्याचा पाईप पॅनलपाशी कडक आणि दोन फुटांवर गार, म्हणजे पॅनल जिवंत आहे, पाणी हलत नाहीये. जो पॅनल बोट भाजवतो तो संपलेला कसा? सोलरवाल्याला हात धरून तिथं घेऊन जा. मग सकाळी लवकर, ऊन यायच्या आत, खालच्या हेडरकडून, म्हणजे पॅनलच्या तळाच्या आडव्या नळीकडून, पाणी सावकाश भरा आणि वरच्या टोकाचं युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, थोडं सैल करून हवा बाहेर पडू द्या. दुपारी पॅनल तापलेले असताना गार पाणी भरू नका. व्हेंट पाईप पण बघून घ्या, त्याचं तोंड उघडं असायला हवं आणि गार टाकीच्या पाण्यापेक्षा वर, काही लोक कबुतरं जातात म्हणून त्यात कापड कोंबतात.

हवा काढूनही चालेना तर क्षार. टँकरचं आणि बोअरचं पाणी जड असतं, तापलं की त्यातला चुना सुटून तांब्याच्या बारीक नळ्यांत आतून बसतो, तुमच्या गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. एका पॅनलचं युनियन खोलून आत टॉर्च मारा, पांढरी कडी दिसली तर सायट्रिक ॲसिडसारख्या सौम्य द्रावणानं धुवून घ्या. बाथरूमचं ॲसिड ओतणारा कोणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

डी डक्टचं निदान तर बादलीच करते. आतून 25 मिमीच्या पाईपमधे एका मीटरला अर्धा लिटर पाणी मावतं. टेरेसपासून पहिल्या मजल्यापर्यंत धरा वीस मीटर, म्हणजे दहा लिटर, अर्ध्या बादलीच्या थोडं वर. तुम्ही तीन बादल्या सोडता, मग बाकीचं पाणी आलं कुठून? टेरेसवर आडव्या गेलेल्या जाड पाईपातून. तो 40 मिमीचा असेल तर मीटरला सव्वा लिटर, पस्तीस मीटरची आडवी लाईन रात्रभर गार झालेली तुम्ही रोज सकाळी गटारात सोडताय. म्हणजे रिटर्नचा पंप फिरतोय पण पाणी ए डक्टमधूनच गोल फिरून परत जातंय, डीपर्यंत पोचतच नाही. लीड्सच्या घराचंच दुखणं बघा, जवळचा सगळं पितो. ए आणि बी च्या रिटर्नला व्हॉल्व्ह असतील ते दाबत आणा, डीचा पूर्ण उघडा, रोज थोडं थोडं, आणि डीच्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंना रोज किती लिटर सोडलं ते लिहायला सांगा. व्हॉल्व्हच नसतील तर बसवायला दोन लाख ऐंशी हजार लागत नाहीत. जमलं तर आडव्या लाईनचं इन्सुलेशनही बघा, उन्हानं त्याचा भुगा झालेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न: नेरुळला रो-हाऊस आहे. शॉवरला जोर नव्हता म्हणून गार पाण्याच्या लाईनला प्रेशर पंप बसवला. शॉवर झकास झाला पण सोलरचं पाणी सगळ्या बाथरूममधे कोमट झालं, टाकीत मात्र हात भाजतो इतकं गरम आहे. प्लंबर म्हणतो मोरबेचं पाणीच गार येतंय.

— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर: मोरबे धरणाला कशाला मधे आणता! तुमचं गार पाणी पंपानं ढकललेलं आणि गरम पाणी नुसतं टाकीच्या उंचीवर उतरणारं. जिथं गरम आणि गार एका मिक्सरमधे भेटतात तिथं जोरवालं कमजोराच्या घरात घुसतं. घरात कुठंतरी एक मिक्सर असा आहे ज्याच्या दोन्ही चाव्या उघड्या आणि पुढं हँड शॉवरचं बटण किंवा नळी बंद, बरेचदा पाहुण्यांच्या बाथरूममधे, जिथं कोणी जात नाही. तिथून गार पाणी उलटं गरम लाईनमधे शिरून सगळीकडे पसरतं.

खात्री करायची तर टेरेसवर सोलरच्या टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद करा आणि खाली गरम पाण्याचा नळ उघडा. लाईनमधलं थोडं निथळून थांबलं तर ठीक, पण धार चालूच राहिली तर ते पाणी गार लाईनचंच. आता एकेका बाथरूमचे गरमचे अँगल कॉक बंद करत जा, ज्याच्यानंतर धार थांबेल तोच चोर. त्या मिक्सरच्या दोन्ही बाजूंना एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारे व्हॉल्व्ह, बसवा, किंवा दोन्ही लाईनला सारखं प्रेशर द्या, गरमलाही पंप लावायचा तर तो गरम पाण्याला चालणारा घ्या.

प्रश्न: खारघर. आमच्या बिल्डिंगमधे गरम पाण्याच्या रिटर्न लाईनवरचा छोटा पंप पावसाळाभर बंद होता, आता चालू केला तर नुसता हम्म करतो, फिरत नाही. नवीन घ्यायचा का? फोटो पाठवलाय.

— एक वाचक, खारघर, नवी मुंबई

उत्तर: आधी बंद करा, असा हम्म करत ठेवला तर वाइंडिंग जळेल. चार महिने उभा राहिल्यावर शाफ्टला क्षार धरतो, एवढंच. मेन स्विच काढा, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, पाणी गार होऊ द्या, मग मोटरच्या मधोमध जो मोठा स्क्रू आहे तो उघडा, थोडं पाणी येईल, आत शाफ्टच्या टोकाला खाच असते तिथं स्क्रू ड्रायव्हर घालून शाफ्ट हातानं फिरवा. पहिला पाव फेरा जड जाईल, मग सुटेल. सुटूनही हम्मच करत असेल तर कपॅसिटर बदला, पंपाच्या मानानं किरकोळ खर्च आहे. पुढच्या पावसाळ्यात वॉचमनला सांगून आठवड्यातून पाच मिनिटं चालवत जा.

आणि फोटो मोठा करून बघितला. पंप उभ्या पाईपवर नाही, आडव्यावर आहे, आणि मोटर वर आकाशाकडे तोंड करून बसवलीय. या जातीच्या पंपात पाणीच शाफ्टला वंगण देतं, म्हणून शाफ्ट कायम आडवा हवा, नाहीतर हवा नेमकी मोटरच्या डोक्यात जाऊन साठते आणि वरचं बेअरिंग कोरडं पडतं. चार बोल्ट सैल करून नुसती मोटर फिरवली तर शाफ्ट उभाच राहतो, त्यानं काम होणार नाही. दोन्ही बाजूंचे जोड सैल करून आख्खा पंप फिरवून शाफ्ट आडवा करून बसवा, पण फिरवताना बॉडीवरचा बाण टाकीकडे राहील एवढं बघा.